काउंटरवरून बिलिंग सॉफ्टवेअर सर्व्हरला जोडलं जाईना, एरर २६. आजच मदत हवी आहे

खरीपवाला | सोमवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. मृग लागलाय, पहिला पाऊस झालाय, सकाळपासून सोयाबीन आणि मक्याच्या बियाण्याला रांग आहे आणि नेमकं आजच बिलिंग बंद पडलंय.

मागच्या खोलीत एक डेस्कटॉप आहे, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. विंडोज १०, चार जीबी रॅम. सॉफ्टवेअरचा सगळा डेटा त्याच्यावर, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस नावाच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये. पुढे दोन काउंटर, दोन्ही केबलने एकाच राउटरला. बिलाचा प्रिंटर सर्व्हरला लावलेला आणि तिथूनच शेअर केलेला.

शनिवारी रात्री दुकान बंद केलं तोवर सगळं सुरळीत होतं. मशीन फार हळू चालतंय म्हणून मीच चुलतभावाच्या मुलाला बोलावलं होतं. रविवारी त्याने नको ते प्रोग्राम काढले आणि विंडोज हलकं करणारी एक स्क्रिप्ट चालवली. मशीन जरा चपळ झाल्यासारखं वाटलं. आज सकाळी दोन्ही काउंटरवर एकच एरर: नेटवर्क-रिलेटेड ऑर इन्स्टन्स-स्पेसिफिक एरर, आणि शेवटी 'एरर २६, एरर लोकेटिंग सर्व्हर/इन्स्टन्स स्पेसिफाइड'.

गंमत म्हणजे सर्व्हरवर बसून तेच सॉफ्टवेअर उघडलं की व्यवस्थित उघडतं. काउंटरवरून सर्व्हरला पिंगही लागतं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली की उत्तर येतं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर म्हणाले विंडोज फॉरमॅट करा, आम्ही पुन्हा इन्स्टॉल करून देतो, माणूस बुधवारी येईल. खतांचं पॉस मशीन वेगळं आहे, ते चालू आहे. बियाण्याची बिलं मात्र हाताने लिहितोय, प्रत्येकावर वाण आणि लॉट नंबर घालून. बुधवारपर्यंत हे निभणार नाही. कुणाला काही सुचतंय का?

सदाफुली | सकाळी ९:५२

फायरवॉल असेल. सर्व्हरवरची फायरवॉल आणि अँटीव्हायरस पूर्ण बंद करून बघा.

खरीपवाला | सकाळी १०:०५

ताई, पाच मिनिटं बंद करून पाहिली. तीच एरर. परत चालू केली.

नेटवर्कनाना | सकाळी १०:१८

दादा, फॉरमॅट अजिबात करू नका. तुमचा डेटा सुखरूप आहे. सर्व्हरवर सॉफ्टवेअर उघडतंय याचा अर्थ डेटाबेस चालू आहे आणि धडधाकट आहे. पण आधी त्याचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, मग पुढचं वाचा.

एरर २६ काय सांगते ते नीट बघू. ती 'पासवर्ड चुकला' म्हणत नाही, 'सर्व्हरने नकार दिला' असंही म्हणत नाही. ती म्हणते, तुम्ही ज्या नावाचा इन्स्टन्स मागताय तो कुठे आहे हे मला कळलं नाही. काउंटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव दोन भागांत असेल: आधी मशीनचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग एसक्यूएलएक्सप्रेस. हा दुसरा भाग म्हणजे इन्स्टन्स, त्या मशीनवर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरचं नाव.

जुन्या वाड्याचं उदाहरण घ्या. पत्रावर वाड्याचं नाव आहे आणि बिऱ्हाडकरूचं नाव आहे, पण खोली नंबर नाही. पोस्टमन वाड्यापर्यंत बरोबर येतो, कारण पिंग लागतंय. आता दारात कुणीतरी सांगायला हवं की हे बिऱ्हाड अमुक खोलीत. एसक्यूएल सर्व्हरच्या वाड्यात हे काम 'एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर' नावाची वेगळी सर्व्हिस, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, करते. नावात ब्राउझर असला तरी इंटरनेटच्या ब्राउझरशी तिचा काही संबंध नाही. ती यूडीपी पोर्ट १४३४ वर कान देऊन बसते; पोर्ट म्हणजे आपल्या वाड्यातला खोली नंबर. काउंटर विचारतो, 'एसक्यूएलएक्सप्रेस कुठे आहे?' ती उत्तर देते, 'अमुक टीसीपी पोर्टवर.' नाव दिलेल्या इन्स्टन्सचा पोर्ट ठरलेला नसतो, तो पहिल्यांदा सुरू होताना मोकळा असेल तो पोर्ट घेतो. म्हणून हा सांगणारा लागतो.

सर्व्हरवर बसून उघडतं कारण एकाच मशीनमध्ये बोलायचं असेल तर शेअर्ड मेमरीचा आतला रस्ता असतो. त्यात ना पोर्ट लागतो, ना दारातला माणूस.

माझा अंदाज: त्या स्क्रिप्टने ही सर्व्हिस बंद केलीय. सर्व्हरवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा, एंटर. यादी अक्षरांच्या क्रमाने असते. एसक्यूएल सर्व्हर नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळींपुढे 'स्टेटस' आणि 'स्टार्टअप टाइप' या दोन रकान्यांत काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा.

खरीपवाला | सकाळी १०:४१

मध्ये गिऱ्हाईक होतं, उशीर झाला. बॅकअप घेतला.

एसक्यूएल सर्व्हर, कंसात एसक्यूएलएक्सप्रेस: रनिंग, ऑटोमॅटिक.
एसक्यूएल सर्व्हर एजंट: स्टेटस रिकामं, डिसेबल्ड.
एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर: स्टेटस रिकामं, डिसेबल्ड.
एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर: रिकामं, डिसेबल्ड.

ब्राउझरवर राइट क्लिक केलं तर 'स्टार्ट' फिकट दिसतंय, दाबताच येत नाही.

नेटवर्कनाना | सकाळी १०:४९

सापडलं. 'स्टार्ट' फिकट आहे तीच खूण.

थांबलेली सर्व्हिस आणि डिसेबल्ड सर्व्हिस यांत फार फरक आहे. 'मॅन्युअल' असलेली सर्व्हिस थांबलेली दिसली तरी घाबरायचं कारण नाही, कुणी हाक मारली की ती उठते. विंडोजमधल्या कितीतरी सर्व्हिस अशाच असतात. 'डिसेबल्ड' म्हणजे दाराला बाहेरून कुलूप. मग कुठलाही प्रोग्राम कितीही हाका मारो, ती उठत नाही. कमांडने सुरू करायला गेलात तर एरर १०५८ येते.

तर असं करा. ब्राउझरच्या ओळीवर डबल क्लिक. स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करा. आधी 'अप्लाय' दाबा, ते दाबल्याशिवाय खालचं 'स्टार्ट' बटण उजळणार नाही. मग 'स्टार्ट'.

व्हीएसएस रायटरही ऑटोमॅटिक करा, तो बॅकअपला लागतो. एजंटला हात लावू नका. एक्सप्रेस आवृत्तीत एजंट चालतच नाही, तो तिथे डिसेबल्डच असायला हवा.

खरीपवाला | सकाळी ११:०२

नाना, पहिला काउंटर जोडला गेला! दुसराही! चार शेतकरी समोर उभे आहेत. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

खरीपवाला | सकाळी ११:१५

अजून एक अडचण आली. बिल सेव्ह होतंय पण छापलं जात नाही. काउंटरवर प्रिंटर ऑफलाइन दिसतोय. सर्व्हरवरून टेस्ट पेज काढायला गेलो तर म्हणतो लोकल प्रिंट स्पूलर सर्व्हिस चालू नाही. तुम्ही सांगितलंत तसंच केलं, प्रिंट स्पूलर (छापायची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस) डिसेबल्ड होता, ऑटोमॅटिक केला, पण 'स्टार्ट' दाबलं की एरर १०६८ येते: डिपेंडन्सी सर्व्हिस ऑर ग्रुप फेल्ड टु स्टार्ट.

तारवाला | सकाळी ११:२३

नाना जेवायला गेले असतील तर मी सांगतो. मी पिंपरीत एका कारखान्याचं नेटवर्क बघतो, ही १०६८ मला चांगली ठाऊक आहे.

तिचा अर्थ: ही सर्व्हिस ज्यांच्या खांद्यावर उभी आहे त्यांतला एक खांदा नाही. स्पूलरच्या त्याच खिडकीत 'डिपेंडन्सीज' नावाचा टॅब आहे. तिथे वरच्या चौकटीत दोन नावं दिसतील, रिमोट प्रोसिजर कॉल आणि एचटीटीपी सर्व्हिस. पहिली चालूच असणार, तिच्याशिवाय विंडोज धड उभंच राहत नाही. दुसरी बंद असेल. मुख्य यादीत ती तुम्हाला सापडणार नाही, कारण ती ड्रायव्हर म्हणून नोंदलेली असते. लोक इथेच अडकतात, यादी वरून खाली चाळतात आणि प्रिंटरचे ड्रायव्हर काढून परत घालत बसतात.

कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. खालची ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप करा:

एससी कॉन्फिग एचटीटीपी स्टार्ट= डिमांड

बरोबरचं चिन्ह 'स्टार्ट'ला चिकटून हवं आणि चिन्हानंतर एक जागा सोडायची, मग डिमांड. ती जागा सोडली नाही तर कमांड चालत नाही. 'सक्सेस' आलं की मशीन एकदा रीस्टार्ट करा. गिऱ्हाईक असेल तर दोन्ही काउंटरवरचं सॉफ्टवेअर आधी बंद करा, अर्धवट बिल राहायला नको.

खरीपवाला | सकाळी ११:४८

झालं. प्रिंटर चालू. बिलं छापतोय.

मांडवी | दुपारी १२:३०

वाचून बरं वाटलं. पण त्या स्क्रिप्टने प्रिंट स्पूलर का बंद करावा? प्रिंटर तर सगळ्यांनाच लागतो.

तारवाला | दुपारी १२:५५

ताई, त्याला कारण आहे. २०२१ च्या जून-जुलैमध्ये प्रिंट स्पूलरमध्ये एक गंभीर भोक उघडकीला आलं, 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ते गाजलं. पॅच यायच्या आधी स्वतः मायक्रोसॉफ्टनेच तात्पुरता उपाय म्हणून स्पूलर थांबवून डिसेबल करायला सांगितलं होतं. त्याच जुलैत पॅच आले. पण तोवर 'सुरक्षेसाठी स्पूलर बंद करा' हे वाक्य शेकडो याद्यांत जाऊन बसलं होतं आणि ते कुणी परत काढलं नाही. आमच्याकडेही दोन मशीनवर तो असाच बंद राहिला होता, पाच महिन्यांनी कुणीतरी पहिल्यांदा प्रिंट मारली तेव्हा कळलं.

या स्क्रिप्टांमधल्या याद्या अशाच जमलेल्या असतात. त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी मशीनवर कधीतरी बरोबर होती. गेम खेळणाऱ्या मुलाच्या एकट्या लॅपटॉपवर फाइल शेअरिंग लागत नाही, प्रिंटर लागत नाही, डेटाबेसही नसतो. तीच यादी दुकानाच्या सर्व्हरवर चालवली की दुकान बंद.

डोंबिवलीकर | दुपारी १:४०

याच जातीचा माझा अनुभव लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी डिजिटल सहीचा टोकन मशीनने ओळखणंच बंद केलं. टोकन लावला की दिवा लागतो, पण सही करणारी युटिलिटी म्हणते टोकन सापडला नाही. ड्रायव्हर तीनदा घातला, यूएसबीचं पोर्ट बदललं, जावा बदललं. शेवटी शेजारच्या ऑफिसातून लॅपटॉप आणून सही केली. दुसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं तर 'स्मार्ट कार्ड' ही सर्व्हिस डिसेबल्ड. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं की विंडोजच्या लेखी आपला टोकन म्हणजे एक स्मार्ट कार्डच आहे. नाव बघून कुणालाही वाटेल की हे आपल्याला लागत नाही. 'मॅन्युअल' केली आणि टोकन दिसायला लागला.

नेटवर्कनाना | दुपारी २:१०

डोंबिवलीकर ताई, छान सांगितलंत. त्यात एक भर घालतो. स्मार्ट कार्ड सर्व्हिस 'मॅन्युअल' असते आणि टोकन लावल्यावर उठते, त्यामुळे टोकन नसताना ती थांबलेली दिसली तर काळजी नको. आणि ही सर्व्हिस ठीक असूनही टोकन दिसत नसेल तर एक गोष्ट तपासा: तुम्ही रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर गेलेल्या आहात का? रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात तुमच्या हातातल्या मशीनला लावलेला टोकन दिसतो, पलीकडच्या मशीनला लावलेला दिसत नाही. ऑफिसच्या मशीनला टोकन लावून घरून सही करणारे कितीतरी जण इथे फसतात आणि दोष टोकन विकणाऱ्याला देतात.

मांडवी | दुपारी २:३५

माझं पण सांगू का? मी रत्नागिरीला शाळेत शिक्षिका आहे. कुणीतरी सांगितलं की एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत जाऊन 'सर्व्हिसेस' टॅबमध्ये 'डिसेबल ऑल' करा, लॅपटॉप पळायला लागेल. केलं. रीस्टार्ट झाल्यावर वाय-फायच गायब. नेटवर्कच दिसेनात. दुकानात नेला तर वाय-फाय कार्ड गेलंय म्हणून सांगितलं आणि पैसे घेऊन यूएसबीचं वेगळं वाय-फाय दिलं. ते लावूनही काहीच दिसत नव्हतं. तेव्हा माझ्या भाच्याने फोनवरून 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही सर्व्हिस सुरू करायला लावली आणि जुनं कार्डच चालायला लागलं.

तारवाला | दुपारी २:५०

ताई, त्या टॅबमध्ये खाली एक चौकोन असतो, 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'. त्यावर आधी खूण करायची असते, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिस यादीतून बाजूला होतात आणि बाहेरून आलेल्याच उरतात. सांगणारे ही पायरी सांगायला विसरतात. ज्यांच्याकडून असं झालं असेल त्यांनी एमएसकॉन्फिगच्या पहिल्या टॅबमध्ये 'नॉर्मल स्टार्टअप' निवडून रीस्टार्ट करावं, तिथून बंद केलेलं सगळं परत येतं. दुसरं वाय-फाय लावूनही काही दिसलं नाही, तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं की कार्ड बरं आहे. दुकानदाराने ते बघायला हवं होतं.

नेकारकाठ | दुपारी ४:२०

मी श्टुटगार्टहून लिहितेय, मूळची साताऱ्याची. सदाफुलीताईंनी सकाळी फायरवॉल बंद करायला सांगितलं त्यावरून लिहिते. ताई, राग मानू नका, मीही हेच करायचे.

फायरवॉल बंद करणं आणि फायरवॉलची सर्व्हिस बंद करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दादांनी सेटिंगमधून पाच मिनिटं बंद करून परत चालू केली, ते ठीक. मी मात्र एकदा सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन फायरवॉल डिसेबल केली, आणि ती पुन्हा उठू नये म्हणून तिच्या खालची 'बेस फिल्टरिंग इंजिन' पण. त्यानंतर ऑफिसच्या व्हीपीएनचं, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जायच्या सुरक्षित वाटेचं, कनेक्शन लागेना. घरून काम, दुपारी मीटिंग आणि मी बाहेर. व्हीपीएनच्या किल्ल्या ठरवणारी आयकेई नावाची सर्व्हिस याच इंजिनावर टेकलेली असते हे आमच्या आयटीतल्या माणसाने समजावलं तेव्हा कळलं. फायरवॉलची सर्व्हिस थांबवणं मायक्रोसॉफ्टलाही मान्य नाही. काही तपासायचं असेल तर सेटिंगमधून तेवढ्यापुरती बंद करावी, सर्व्हिसला हात लावू नये.

सदाफुली | दुपारी ४:४५

राग कसला. मला हा फरक खरंच माहीत नव्हता. मी दोन ठिकाणी सर्व्हिसच बंद करून ठेवली आहे, आज घरी जाऊन परत चालू करते.

टर्मिनल | संध्याकाळी ६:०५

एक वेगळं मत मांडतो. ब्राउझर सर्व्हिस चालू ठेवणं हा एकच मार्ग नाही, आणि माझ्या मते चांगलाही नाही. इन्स्टन्सला कायमचा पोर्ट ठरवून द्या. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपीच्या गुणधर्मांत 'आयपी ऑल' या भागात डायनॅमिक पोर्टची जागा रिकामी करा आणि टीसीपी पोर्ट १४३३ लिहा. इन्स्टन्स रीस्टार्ट करा. काउंटरवर सर्व्हरच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन १४३३ लिहा. पत्रावर खोली नंबर आला की दारातल्या माणसाची गरजच उरत नाही.

हे का म्हणतो, तर १४३४ या पोर्टचा इतिहास. २५ जानेवारी २००३ ला 'स्लॅमर' नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, याच यूडीपी पोर्टवरून पसरला. फक्त ३७६ बाइटचा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याने पकडलेल्या मशीनची संख्या दुप्पट होत होती आणि सापडू शकणाऱ्या मशीनपैकी बहुतेक दहा मिनिटांत सापडल्या. पॅच सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच आलेला होता, लोकांनी घातला नव्हता. तेव्हा एसक्यूएल सर्व्हर २००० स्वतःच त्या पोर्टवर ऐकत असे. २००५ च्या आवृत्तीपासून ते काम वेगळ्या ब्राउझर सर्व्हिसला दिलं आणि ती बंद ठेवायची सोय झाली. म्हणून ज्याने ती 'लागत नसेल तर बंद ठेवा' अशा यादीत घातली त्याचंही पूर्ण चुकलं नाही.

नेटवर्कनाना | संध्याकाळी ६:४०

मुद्दा बरोबर आहे आणि कायमचा पोर्ट हा पक्का मार्ग आहे हेही मान्य. पण सकाळी अकरा वाजता रांग उभी असताना दोन काउंटरच्या सेटिंग बदला, टीसीपी १४३३ साठी फायरवॉलमध्ये वाट करा, आणि सॉफ्टवेअर ते स्वल्पविरामाचं नाव घेतंय का ते बघा, हे सगळं मी दादांना सांगितलं नसतं. काही बिलिंग सॉफ्टवेअर नावाच्या चौकटीत स्वल्पविराम घेतच नाहीत. दुकानाचं नेटवर्क राउटरच्या आत आहे, १४३४ बाहेर उघडलेला नाही. तिथे ब्राउझर चालू ठेवण्यात मला धोका दिसत नाही. ज्यांनी घरून डेटा बघण्यासाठी राउटरमधून पोर्ट बाहेर उघडलेत त्यांनी मात्र ते आजच बंद करावेत.

टर्मिनल | संध्याकाळी ६:५२

पटलं. राउटरवर काही उघडलेलं नसेल तर माझी हरकत नाही. लिनक्सवाल्यांसाठी एक ओळ: तिथे हीच गोष्ट 'मास्क्ड' नावाने भेटते. डिसेबल केलेली सर्व्हिस हाताने सुरू करता येते, मास्क केलेली येत नाही. आधी 'अनमास्क' करावं लागतं.

खरीपवाला | रात्री ९:३०

दुकान बंद करून बसलोय. आज दिवसभरात बिलं निघाली, हाताने लिहिलेली सकाळची बिलंही सॉफ्टवेअरमध्ये घातली. सगळ्यांचे मनापासून आभार.

दोन प्रश्न आहेत. स्क्रिप्टने अजून काय काय बंद केलंय हे कसं कळेल? उद्या दुसरंच काही बंद निघायला नको. आणि मशीन हळू चालतं त्याचं काय करू? त्यासाठीच तर हे सगळं झालं. पोराला बोललो नाही काही. तो रडवेला झाला होता. त्याला हा धागा वाचायला दिलाय.

नेटवर्कनाना | रात्री १०:०५

पोराला बोलला नाहीत हे फार चांगलं केलंत. त्यालाच शेजारी बसवून पुढचं काम करा, तो शिकेल.

विंडोज याची नोंद ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये 'सिस्टिम'. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' आहे, तिथे इव्हेंट आयडी ७०४० टाका. सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप बदलला की सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर ही नोंद करतो: अमुक सर्व्हिस 'ऑटो स्टार्ट'वरून 'डिसेबल्ड' झाली, अमुक वेळेला. रविवारी दुपारच्या नोंदी एका खाली एक सापडतील. आधी काय होतं तेही त्याच ओळीत असतं, तेच परत करायचं. अंदाजाने सगळं 'ऑटोमॅटिक' करू नका, जे 'डिमांड' होतं ते 'मॅन्युअल'च ठेवा.

एक सावधानता. स्क्रिप्टने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, थेट आकडा बदलला असेल तर ही नोंद होत नाही. रजिस्ट्रीत प्रत्येक सर्व्हिसच्या नावाखाली 'स्टार्ट' असतं: दोन म्हणजे ऑटोमॅटिक, तीन म्हणजे मॅन्युअल, चार म्हणजे डिसेबल्ड. स्क्रिप्टची फाइल अजून मशीनवर असेल तर नोटपॅडमध्ये उघडून वाचा. त्यात सगळं लिहिलेलं असतं.

हळू चालण्याबद्दल: मॅन्युअल असलेली सर्व्हिस उठेपर्यंत मेमरी खात नाही, तिला डिसेबल करून काहीच हाताला लागत नाही. तुमच्या मशीनमध्ये साधी हार्ड डिस्क असणार. एसएसडी घाला आणि रॅम चारची आठ करा. दोन्ही कामं हंगाम संपल्यावर. आत्ता नाही.

खरीपवाला | मंगळवार, रात्री ८:५०

रविवारच्या ७०४० च्या एकोणीस नोंदी सापडल्या, सगळ्या चार वाजून सदतीस मिनिटांच्या. पोराने वहीत तीन रकाने आखले: सर्व्हिसचं नाव, आधी काय होतं, आता काय आहे. ज्यांचं काम आम्हाला कळलं त्या परत केल्या.  'विंडोज टाइम' पण बंद होती. खेळाशी संबंधित चार सर्व्हिस तशाच ठेवल्या आहेत, त्या इथे लागत नाहीत.

एचटीटीपी या एकोणीसांत नव्हती. स्क्रिप्ट उघडून वाचली तेव्हा खाली रजिस्ट्रीच्या ओळीत सापडली, पुढे चारचा आकडा.

तारवाला | मंगळवार, रात्री ९:१५

वही मशीनशेजारीच ठेवा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी काही अडलं तर हीच यादी पुन्हा ताडून बघता येईल. 'विंडोज टाइम' सापडली हे बरं झालं. मशीनचं घड्याळ मागेपुढे झालं की सुरक्षित वेबसाइट प्रमाणपत्राची तक्रार करून उघडत नाहीत आणि माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो.

खरीपवाला | गुरुवार, सकाळी ८:२०

काल संध्याकाळी पाच वाजता जोराचा पाऊस आला आणि लाइट गेली. सर्व्हरच्या यूपीएसने दहा मिनिटं धरलं आणि तोही बसला. साडेसहाला लाइट आली तेव्हा दुकानात सात-आठ जण भिजून उभे होते. पोराने मशीन चालू केलं, आधी सर्व्हिसेसची यादी उघडली, ब्राउझर आणि स्पूलरसमोर 'रनिंग' आलेलं बघितलं आणि मगच पुढे ओरडला, 'काका, बिल करा.' पहिलं बिल सोयाबीनच्या दोन पिशव्यांचं होतं, लॉट नंबरसकट छापून आलं.